सार्वजनिक लहरी आणि आमची माणसे

१

चिंचपाडा हे नवापूर तालुक्यातले एक लहान गाव. सुरत-भुसावळ लोहमार्गावर नवापूर आणि खांडबारा यांच्या दरम्यान त्याचे स्टेशन आहे. वस्ती मुख्यतः मावची आणि कोकणी आदिवासींची. थोडी घरे आमच्यासारख्यांची. गेल्या हिवाळ्यात एका विद्यार्थी शिबिराच्या निमित्ताने मी तेथे चार दिवस होतो. शिबिरात मला विज्ञानावर बोलायचे होते. पण खरा पाठ मला शिबिराबाहेर, ऑनलाइन कामे करून देणाऱ्या एका दुकानापुढच्या रांगेत मिळाला.

रांगेत एक मावची बाई उभी होती. एका सरकारी योजनेचे पैसे थांबले होते. ते पुन्हा सुरू व्हायचे तर 'केवायसी' करावी लागणार, म्हणजे ही बाई तीच आहे हे यंत्राला पटवून द्यावे लागणार. त्यासाठी तिच्या आधारला जोडलेल्या मोबाइल नंबरवर एक आकडा येणार आणि तो आकडा दहा मिनिटांच्या आत दुकानातल्या संगणकात भरायचा. नंबर होता नवऱ्याच्या फोनचा. नवरा ऊसतोडीला गुजरातमध्ये. त्याचा फोन कधी बंद, कधी चार्जिंगला दुसऱ्याच्या झोपडीत, कधी रेंजबाहेर. बाईची ती तिसरी खेप होती. प्रत्येक खेपेला एक दिवसाची मजुरी बुडालेली.

शिबिरातला एक विद्यार्थी माझ्यासोबत होता. त्याने विचारले, "सर, टॉवर तर समोर दिसतो आहे. तिकडेही टॉवर आहेत. मग आकडा वेळेवर का पोचत नाही?"

प्रश्न साधा होता. पण त्याचे उत्तर अर्धे पदार्थविज्ञानात आहे आणि अर्धे समाजव्यवस्थेत. आपले कार्यकर्ते दुसऱ्या अर्ध्यावर खूप बोलतात; पहिला अर्धा भाग आपण तज्ज्ञांवर सोपवून मोकळे होतो. ज्याला यंत्र कळत नाही त्याला यंत्राची सबब खरी वाटते. 'सर्व्हर डाऊन आहे' हे वाक्य आज आपल्या वस्त्यांत 'साहेब जागेवर नाहीत' या जुन्या वाक्याची जागा घेऊन बसले आहे. म्हणून त्या मुलाला जे सांगितले ते येथे थोडे विस्ताराने मांडतो.

२

मोबाइल फोन हा मुळात एक लहान रेडिओ आहे. फक्त तो ऐकतोही आणि बोलतोही. आपला आवाज किंवा मजकूर आकड्यांत बदलून तो विद्युतचुंबकीय लहरींवर चढवतो. या लहरी प्रकाशाच्या वेगाने, सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर, जातात. पण फोनची ताकद फार थोडी असते, एक-दोन वॅट, बरेचदा त्याहूनही कमी. म्हणून तो गुजरातमधल्या फोनशी थेट बोलू शकत नाही. तो फक्त जवळच्या टॉवरपर्यंत बोलतो. तेथून पुढचा प्रवास बहुतांशी जमिनीखालच्या काचतंतूंच्या तारेतून किंवा टॉवरवरच्या गोल तबकड्यांमधून होतो आणि शेवटच्या टप्प्यावर पुन्हा एकदा टॉवर ते फोन असा हवेतून होतो. आपण ज्याला 'बिनतारी' म्हणतो त्यातला हवेतला भाग असा फक्त दोन टोकांना असतो.

लहरींचे पट्टे मर्यादित असतात. एकाच पट्ट्यावर एकाच ठिकाणी दोघे बोलू लागले तर गोंधळ होतो. मग कोट्यवधी लोक एकाच वेळी कसे बोलतात? याचे उत्तर १९४७ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत कागदावर मांडले गेले. सगळा प्रदेश लहान लहान घरांत वाटायचा, मधाच्या पोळ्यासारखा. प्रत्येक घराला एक टॉवर. शेजारच्या दोन घरांना वेगळे पट्टे द्यायचे, पण थोड्या अंतरावरच्या घरात तोच पट्टा पुन्हा वापरायचा. माणूस एका घरातून दुसऱ्या घरात गेला की त्याचे बोलणे न तुटता पुढच्या टॉवरकडे सोपवायचे. या घरालाच इंग्रजीत 'सेल' म्हणतात आणि त्यावरून सेलफोन. कल्पना कागदावरून हातात यायला पाव शतक लागले. ३ एप्रिल १९७३ रोजी मोटोरोला कंपनीच्या मार्टिन कूपर यांनी न्यूयॉर्कच्या रस्त्यावरून हातातल्या फोनवर पहिला कॉल केला. तो फोन एक किलोहून जड होता आणि बाजारात यायला त्याला आणखी दहा वर्षे लागली.

आता समोर टॉवर दिसत असूनही रेंज का नसते? कारणे अनेक आहेत आणि ती एकेक तपासता येतात.

पहिले, टॉवर दिसतो पण तो आपल्या सिमच्या कंपनीचा नसतो. दुसरे, टॉवर चहूकडे सारखा बोलत नाही. त्यावर साधारणतः तीन दिशांना तोंड करून पट्ट्या लावलेल्या असतात आणि त्यांचे तोंड कुठे असावे हे कंपनी ठरवते. जेथे गिऱ्हाईक जास्त तिकडे तोंड. म्हणजे महामार्ग, लोहमार्ग, बाजारपेठ. डोंगराकडच्या पाड्याला त्याची पाठ मिळते. तिसरे, लहरींचा स्वभाव. कमी वारंवारतेच्या लहरी, जसे ७०० किंवा ९०० मेगाहर्ट्झच्या, लांब जातात, झाडी आणि भिंती काही प्रमाणात ओलांडतात. जास्त वारंवारतेच्या लहरी माहिती पुष्कळ वाहतात, पण लवकर थकतात. फाइव्ह-जीसाठी वापरला जाणारा ३३०० मेगाहर्ट्झच्या वरचा पट्टा शहराच्या दाट वस्तीला सोयीचा आहे. सातपुड्याच्या विखुरलेल्या पाड्यांना नाही. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात एका सोंडेआड गेले की लहरींची सावली पडते. चौथे, टॉवरची हाक मोठी आणि फोनची लहान असते. म्हणून फोनवर रेघा दिसतात, पण आपले बोलणे टॉवरपर्यंत पोचत नाही. पाचवे, टॉवरला वीज लागते. वीज गेली की बॅटरी, बॅटरी संपली की डिझेल, आणि डिझेल कुणी घातले नाही की टॉवर हा नुसता लोखंडी सांगाडा. सहावे, टॉवरपासून पुढची तार. ती तुटली किंवा अपुरी असली तर फोनवर पूर्ण रेघा दिसूनही काहीच उघडत नाही. आणि शेवटचे, एका घराची क्षमता त्यातल्या सगळ्या माणसांत वाटली जाते. बाजाराच्या दिवशी फोन मंद होतो तो म्हणून.

आता त्या आकड्याचे काय? एसएमएस हा फोन कॉलसारखा थेट जात नाही. तो आधी कंपनीच्या संदेश-केंद्रात येऊन थांबतो. केंद्र विचारणा करते की हा नंबर या क्षणी कोणत्या टॉवरच्या घरात आहे. फोन बंद असेल किंवा रेंजबाहेर असेल तर संदेश केंद्रातच पडून राहतो आणि फोन पुन्हा हजर झाल्यावर पोचवला जातो. टपालाची ही पद्धत उत्तम आहे, निरोप हरवत नाही. पण आकड्याचे आयुष्य दहा मिनिटांचे. संध्याकाळी कोयता ठेवून, कुणाकडून तरी चार्ज केलेला फोन नवऱ्याने उघडला की तिन्ही खेपांचे तिन्ही आकडे एकामागून एक येणार, तिन्ही मेलेले. यंत्राने आपले काम चोख केले. चूक कुठे आहे? नियम करणाऱ्याने असे गृहीत धरले की प्रत्येक माणसाजवळ स्वतःचा, चार्ज केलेला, रेंजमधला फोन दिवसभर असतो. हे गृहीतक ज्याने केले त्याचा वर्ग आणि त्याची वस्ती कोणती, हे सांगायला नको.

३

भारतात पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी झाला. कलकत्त्याहून पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी दिल्लीत केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांना केला. त्या काळी बोलणाऱ्यालाच नव्हे, ऐकणाऱ्यालाही पैसे पडत. मे २००३ पासून येणारा कॉल फुकट झाला आणि त्यानंतर फोन गरिबाच्या हाती येऊ लागला. 'मिस्ड कॉल' हा आपल्या माणसांनी लावलेला शोध आहे. एक घंटी म्हणजे पोचलो, दोन घंट्या म्हणजे फोन कर. एक पैसाही खर्च न करता निरोप देण्याची ही लिपी कोणत्याही प्रयोगशाळेत तयार झाली नव्हती.

पण १९९५ साल आपल्या दृष्टीने आणखी एका कारणासाठी महत्त्वाचे आहे. त्याच वर्षी ९ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेटच्या प्रक्षेपणावरून निघालेल्या एका खटल्यात निकाल दिला. न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या त्या निकालपत्राने सांगितले की हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. तिचा वापर जनतेच्या हितासाठी आणि सार्वजनिक नियंत्रणाखाली झाला पाहिजे. ज्यांना आपण पुढे चळवळीच्या व्यासपीठांवर पाहिले त्याच सावंतांचा हा निकाल. तो प्रत्येक कार्यकर्त्याने समजून घेतला पाहिजे. सरकार या लहरींचा लिलाव करते तेव्हा ते सरकारची वस्तू विकत नसते. जनतेच्या मालकीची वस्तू ठराविक मुदतीसाठी वापरायला देत असते. २०२२ च्या लिलावातून सुमारे दीड लाख कोटी रुपयांची बोली आली. ती लहर चिंचपाड्याच्या त्या बाईचीही आहे.

मालकी कायद्याने सर्वांची आणि वापर मात्र मोजक्यांचा, ही अवस्था आपल्याला नवी नाही. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ साली संमत झाला. महाड नगरपालिकेने १९२४ साली तसाच ठराव केला. तरी चवदार तळ्याचे पाणी आपल्या ओंजळीत आले नाही. त्यासाठी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारो माणसांसह तळ्याच्या पायऱ्या उतराव्या लागल्या आणि त्यानंतरही न्यायालयाचा अखेरचा निकाल लागायला १९३७ साल उजाडले. ठराव आणि ओंजळ यांत चौदा वर्षांचे अंतर होते. लहरी काही तळ्यासारख्या विटाळाने बंद नाहीत, हे मी जाणतो. येथे अडवणारा हात दिसत नाही. टॉवरचे तोंड कुठे वळवायचे, अर्ज कोणत्या भाषेत ठेवायचा, आकड्याची मुदत किती मिनिटांची, अशा लहान लहान निर्णयांत तो वाटून गेलेला असतो. म्हणूनच त्याच्याशी लढणे अधिक अवघड आहे.

सरकारने काहीच केले नाही असेही नाही. दूरसंचार कंपन्यांच्या उत्पन्नातून एक हिस्सा काढून मागास भागांत सेवा नेण्यासाठी निधी उभारला गेला. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात त्याचे नाव 'डिजिटल भारत निधी' झाले. नंदुरबार हा केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांपैकी एक. नोव्हेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्रासह पाच राज्यांतल्या ४४ आकांक्षित जिल्ह्यांमधील ७,२८७ गावांत फोर-जी नेण्याची सुमारे ६,४६६ कोटींची योजना मंजूर झाली. याचा अर्थ सोपा आहे. देशात मोबाइल येऊन सव्वीस वर्षे झाल्यावरही, नुसत्या या पाच राज्यांच्या मागास जिल्ह्यांत हजारो गावे लहरींच्या बाहेर होती. आणि हे कबूल होण्याआधी बरेच काही मोबाइलवर नेऊन ठेवले गेले होते.

४

फोन 'स्मार्ट' झाला म्हणजे काय झाले? त्याला डोळे आले, म्हणजे कॅमेरा. त्याला स्पर्श आला. आपण पृथ्वीवर कुठे आहोत हे त्याला कळू लागले. हे शेवटचे कसे कळते ते पाहण्यासारखे आहे. सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह सतत आपली जागा आणि वेळ सांगत असतात. फोन निदान चार उपग्रहांचे बोलणे ऐकतो, कोणते बोलणे किती उशिरा पोचले त्यावरून अंतरे काढतो आणि आपली जागा ठरवतो. यासाठी टॉवर लागत नाही. पण ती जागा आणि तेथला फोटो सरकारच्या संगणकावर पाठवायचा तर टॉवर लागतोच.

रोजगार हमीच्या कामावर हेच घडले. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून महाराष्ट्राने १९७२ च्या दुष्काळात जी योजना उभी केली आणि १९७७ साली जिचा कायदा केला, ती पुढे देशाच्या कायद्याचा आदर्श ठरली. १ जानेवारी २०२३ पासून या कामावरच्या मजुरांची हजेरी मोबाइल ॲपवर, दिवसातून दोनदा, जागेच्या नोंदीसह फोटो काढून घेणे देशभर सक्तीचे झाले. खोटी हजेरी थांबवणे हा हेतू चांगला होता; मस्टरवर मेलेली माणसे खड्डे खणत होती, हे आपण सगळे जाणतो. पण डोंगरातल्या कामावर रेंज नसली तर घाम गाळूनही हजेरी अडते. घोटाळा करणारा मुकादम आणि राबणारी बाई, दोघांवर एकच संशय ठेवला की त्याचा भार शेवटी राबणाऱ्याच्याच माथी येतो.

बोटाच्या ठशाचेही तसेच. आधारचे पहिले कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच जिल्ह्यातल्या टेंभली गावी, पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या उपस्थितीत, एका आदिवासी स्त्रीला देण्यात आले. देशाच्या ओळख-यंत्राची सुरुवात नंदुरबारच्या मातीत झाली. ठसा वाचणारे यंत्र बोटावरच्या रेषा कुठे संपतात आणि कुठे फुटतात त्या बिंदूंचा नकाशा करते आणि जुन्या नकाशाशी ताडून पाहते. किती बिंदू जुळले म्हणजे माणूस तोच, याची एक रेघ आखलेली असते. ही रेघ वर नेली तर खरा माणूस नाकारला जातो. खाली आणली तर खोटा आत येतो. आता ज्याचे बोट कोयत्याने, दगडाने, सिमेंटने, राखेने भांडी घासून झिजले आहे त्याच्या रेषाच पुसट. लेखणी धरणाऱ्याचे बोट यंत्राला लवकर पटते. माती धरणाऱ्याचे पटत नाही. श्रमाचीच खूण येथे ओळखीच्या आड येते. हे यंत्राचे वैर नाही, हे मान्य. पण ज्या समाजात श्रम जातीप्रमाणे वाटले गेले आहेत तेथे बोटांची झीजही जातीप्रमाणेच वाटली जाते, हे विसरून चालणार नाही.

अंगणवाडी सेविकांनी या बाबतीत आपल्याला एक धडा घालून दिला. निकृष्ट फोन आणि इंग्रजीतले ॲप यांना कंटाळून २०२१ च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातल्या सेविकांनी सरकारी फोन मोठ्या संख्येने परत केले. त्यांचा विरोध यंत्राला नव्हता. चालणारे यंत्र द्या आणि आमच्या भाषेत द्या, एवढीच मागणी होती.

५

भाषेचा प्रश्न येथे उपस्थित होतो. फोन आता आवाज ओळखतो, बोललेले लिहून देतो. हे तो कसे शिकतो? हजारो तासांचे बोललेले ध्वनिमुद्रण आणि त्याचा लिहिलेला मजकूर यंत्राला पुन्हा पुन्हा दाखवला जातो आणि त्यातून ते कोणत्या आवाजाला कोणते अक्षर हे शिकते. म्हणजे जी भाषा आधी भरपूर लिहिली गेली, छापली गेली, तीच यंत्राला येते. २०११ च्या जनगणनेत भिली गटाच्या भाषा बोलणारे एक कोटीच्या वर होते, तरी आठव्या परिशिष्टात त्यांना स्थान नाही. २०२५ साली केंद्राच्या जनजातीय कार्य मंत्रालयाने 'आदि वाणी' हे भाषांतराचे साधन सुरू केले. त्यात संताली, मुंडारी, गोंडी यांच्याबरोबर भिलीही आहे. ही सुरुवात स्वागतार्ह आहे. पण भिली म्हणजे एक भाषा नव्हे. मावची बोलणाऱ्या आजीला तिच्या बोलीत उत्तर मिळेपर्यंत पुष्कळ काम बाकी आहे. दलित साहित्याने वस्तीची बोली छापखान्यात नेली तेव्हा तिला भाषा म्हणायला किती जण तयार होते? तीच लढाई आता यंत्राच्या आत आहे आणि ती लढायला भाषेचे विद्यार्थी आणि शिक्षक लागतील.

मग फोन आपला शत्रू समजावा काय? मुळीच नाही. ११ जुलै २०१६ रोजी गुजरातमध्ये उनाजवळ मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या दलितांना मारहाण झाली. मारणाऱ्यांनी त्याचे चित्रीकरण स्वतःच केले, दहशत बसावी म्हणून. तेच चित्रण फोनाफोनांतून देशभर गेले आणि त्यातून आंदोलन उभे राहिले. जे पूर्वी गावकुसाबाहेरच्या अंधारात दडपले जाई ते आता दडपता येत नाही. पण याच साधनाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. मे २०१५ मध्ये शिर्डीत एका दलित तरुणाचा खून झाला. मोबाइलवर बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजल्यावरून वाद सुरू झाला, अशी फिर्याद होती. फोन त्याच्या मालकीचा होता, आवाज त्याच्या खिशातला होता. तरी तो सहन झाला नाही. यंत्र हातात आल्याने जात हातातून सुटत नाही.

आणि घरातली जात? तिचे नाव पुरुषपणा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या ५४ टक्के स्त्रियांजवळच स्वतः वापरता येईल असा फोन असल्याचे आढळले. घरात फोन असतो. तो बाईचा नसतो. मुलगी फोन घेऊन बसली तर संशय, मुलगा बसला तर अभ्यास. केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये फहीमा शिरीन या विद्यार्थिनीच्या खटल्यात इंटरनेट वापरता येणे हा शिक्षणाच्या हक्काचा भाग मानला; वसतिगृहाने तिला फोनबंदी मोडली म्हणून काढून टाकले होते. आपल्या आश्रमशाळांत आणि आपल्या स्वतःच्या घरांत या निकालावर चर्चा झाली पाहिजे. चिंचपाड्याच्या बाईचा नंबर नवऱ्याचा का, हा प्रश्न सरकारला विचारण्याआधी आपण स्वतःलाही विचारायला हवा.

६

शेवटी, काय करायचे? कार्यकर्त्यांपुढे काही गोष्टी ठेवतो.

कायदा पूर्णपणे आपल्या विरोधात नाही. आधारच्या खटल्यात २६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मोबाइल नंबरला आधार जोडण्याची सक्ती रद्द केली आणि ठसा जुळला नाही म्हणून हक्काचा लाभ नाकारला जाऊ नये, या बाजूचे मत नोंदवले. ३० एप्रिल २०२५ रोजी त्याच न्यायालयाने, ॲसिड हल्ल्यात चेहरा गमावलेल्या आणि अंध व्यक्तींच्या केवायसीच्या प्रश्नावर निकाल देताना, डिजिटल साधनांपर्यंत पोचता येणे हा राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे सांगितले. हे निकाल मराठीत, सोप्या भाषेत, प्रत्येक तालुक्याच्या कार्यकर्त्याजवळ असले पाहिजेत. दुकानदाराने किंवा कारकुनाने 'मशीन घेत नाही' म्हटले की 'मग दुसऱ्या मार्गाने ओळख पटवा आणि नकार लेखी द्या' असे म्हणण्याची सवय वस्तीला लावली पाहिजे.

दुसरे, रेंजची मागणी पुराव्यानिशी करावी. २०२४ च्या नियमांनुसार कंपन्यांना आपल्या सेवेचा नकाशा जाहीर करावा लागतो. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी पाड्यापाड्यावर जाऊन, कोणत्या जागी कोणत्या कंपनीची रेंज किती वाजता मिळते याची वही करावी आणि ती त्या नकाशाशेजारी ठेवावी. नकाशात हिरवे आणि वहीत शून्य, हा अर्जातला सर्वांत भक्कम पुरावा ठरेल. नवापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात येतो. ग्रामसभेला तेथे विशेष अधिकार आहेत. वनजमिनीतून दूरसंचाराची तार न्यायची असेल तर २००६ च्या वनहक्क कायद्यात, एक हेक्टरपेक्षा कमी जमिनीसाठी, ग्रामसभेच्या शिफारशीने परवानगी देण्याची तरतूद आहे. 'जंगल आहे म्हणून लाइन येत नाही' ही सबब ग्रामसभेने ठराव करून तपासावी.

तिसरे, प्रत्येक अभ्यासवर्गात एक तास फोनचा असावा. आकडा कुणालाही सांगू नये हे शिकवतोच. पण कुणाला, केव्हा आणि कशासाठी सांगावा लागतो हेही शिकवले पाहिजे. बाईच्या आधारला बाईचा नंबर, हा आपल्या प्रबोधनाचा विषय व्हायला हवा.

त्या बाईचे काम झाले का, असे वाचक विचारतील. झाले, चौथ्या खेपेला. आम्ही उसाच्या पडावावरच्या मुकादमाचा नंबर मिळवला. त्याने निरोप दिला. ठरल्या वेळी नवरा तोड सोडून, चार्ज केलेला फोन घेऊन, रस्त्यालगत रेंज मिळते त्या जागी येऊन बसला. इकडे विद्यार्थी दुसऱ्या फोनवरून त्याच्याशी बोलत होता. आकडा आला, नवऱ्याला तो वाचता येत होता म्हणून निभावले. त्याने सहा अंक एकेक करून सांगितले, दुकानदाराने भरले, पडद्यावर हिरवी खूण उमटली. बाई हसली नाही. तिने फक्त विचारले, "पुढल्या साली परत लागेल का?"

ती बाई जिवंत आहे आणि ती तीच आहे, एवढे सिद्ध करायला दोन राज्ये, पाच माणसे, दोन फोन आणि चार दिवसांची मजुरी लागली. ती आमच्यासमोर उभी होती. गावात तिला ओळखत नाही असा एकही माणूस नव्हता. तिच्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नव्हते. ते उत्तर 'नाही' असे देता यावे, यासाठी आपल्याला काम करायचे आहे.